म्हैस बोलणार नाही

बाईंना 'मॅडम' म्हटलेलं चालत नसे. चालत नसे म्हणजे त्या रागवायच्या असं नाही. त्यांना ते ऐकूच यायचं नाही. न्हावऱ्याच्या शाळेत मी नवीन लागले तेव्हा स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती. पहिला आठवडाभर मी त्यांच्याकडे मॅडम, मॅडम करून कधी खडू मागत होते, कधी हजेरीपट, आणि त्या खिडकीबाहेर बघत होत्या. शेवटी शिपाईमामांनी मला बाजूला घेतलं.

"बाई म्हना," ते म्हणाले. "कान ठणठणीत हायेत त्यांचे."

मी 'बाई' म्हटलं. त्यांनी लगेच मान वळवली आणि खडूचा अख्खा खोका माझ्यापुढे सरकवला.

त्या भूगोल शिकवायच्या. कोणीही भेटायला आलं, पालक असो, पुस्तकविक्रेता असो नाहीतर साक्षात तपासणीला आलेले साहेब असोत, की आधी विचारायच्या, "उत्तर दिशा कुठली?" साहेबांनी पंख्याकडे बोट दाखवलं होतं. बाई त्यांना म्हणाल्या, "बसा. दमला असाल."

आणि त्या मार्क द्यायच्या. पेपरला तर द्यायच्याच, पण एरवीही. चहाला, भाषणाला, लग्नाच्या जेवणाला, एसटीच्या ड्रायव्हरनं घेतलेल्या वळणाला. गावातल्या एका सत्यनारायणाला त्यांनी दहापैकी साडेतीन दिले होते, आणि ते गुरुजींना कळलं होतं. तेव्हापासून गुरुजी बाई समोर दिसल्या की कथा जरा सावकाश सांगत.

बाईंचे यजमान फार लवकर गेलेले. मूलबाळ नाही. शाळेच्या मागे दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. सासर नदीपलीकडे, दौंड तालुक्यात, राहूला. तिथे वस्तीवर त्यांची थोरली जाऊ होती, तिला सगळे अक्का म्हणत. अक्का आणि बाई एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण साधं होतं. अक्कांचा मुलगा संतोष शिकायला म्हणून बाईंकडे राहायला होता, आणि बाईंनी त्याला नववीत भूगोलात नापास केला होता.

"घरचं पोर कुनी नापास करतं व्हय?" असं म्हणून अक्का त्याला त्याच्या वळकटीसकट राहूला घेऊन गेल्या. त्यानंतर बोलणं नाही, येणंजाणं नाही. संतोषचं पुढे उत्तम चाललं. तो दूध गोळा करायचा, मोटारसायकलवर कॅन बांधून पारगावच्या पुलावरून इकडेतिकडे फिरायचा, आणि काकूंना दुधाचा लोटा देऊन जायचा. त्याच्या मनात काही नव्हतं. नापास झाल्याबद्दल तो म्हणायचा, "म्या भीमा नदी अरबी समुद्रात सोडली हुती. काकू तरी काय करनार?"

लोटा घेताना बाई दर वेळी एकच प्रश्न विचारायच्या. "काय म्हणतेय तुझी आई?"

आणि संतोष सांगायचा. आई काल डॉक्टरला काय बोलली, आईनं सरपंचाला काय सुनावलं, आईनं म्हशीपुढं कुणाकुणाचा उद्धार केला. बाई ऐकून घ्यायच्या, "बरं" म्हणायच्या, आणि आत जाऊन चित्र काढायच्या.

ती चित्रं हा बाईंचा दुसरा उद्योग. जिल्ह्यापुरत्या एका पेपरात दर गुरुवारी, आतल्या पानावर, तीन चौकटींचं त्यांचं कार्टून यायचं. त्याचं नाव 'दावण'. त्यात एक धुरपाआजी आणि तिची म्हैस, बस. पहिल्या चौकटीत आजी म्हशीला काहीतरी सांगते. दुसऱ्या चौकटीत आणखी सांगते. तिसऱ्या चौकटीत म्हैस कान हलवते, किंवा शेपूट, किंवा काहीच हलवत नाही. बाई ते पेपर तपासायच्या लाल पेननं काढायच्या, कारण हातात तेच असायचं. पेपरात ते काळं छापलं जायचं. आमच्या भागात लोक पेपर उघडला की आधी कांद्याचा बाजारभाव बघायचे आणि मग धुरपाआजी.

धुरपाआजी म्हणजे अक्का. शब्द न् शब्द अक्का. निम्म्या राहूला हे माहीत होतं. फक्त अक्कांना माहीत नव्हतं, कारण अक्कांना वाचता येत नव्हतं, आणि त्यांना जाऊन सांगेल असा माणूस अख्ख्या तालुक्यात नव्हता. मी एकदा संतोषला विचारलं, "तू कसं नाही सांगितलंस?"

"मला तिथंच ऱ्हायचंय, मॅडम," तो म्हणाला.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण एक दिवस पुण्याहून एक मुलगा आला. ओंकार त्याचं नाव. लहान मुलांच्या एका टीव्ही चॅनलसाठी कार्टून फिल्म बनवणाऱ्या स्टुडिओत तो दिग्दर्शक होता. त्याच्या मामाचं घर तळेगाव ढमढेऱ्याला. तिथे कपाटात अंथरलेल्या जुन्या पेपरांत त्याला 'दावण' सापडलं होतं. कपाटातले कपडे खाली काढून तो ते उभ्याउभ्या वाचत राहिला म्हणे. आता त्याला धुरपाआजीवर अर्ध्या तासाचा दिवाळी स्पेशल करायचा होता. चांगला झाला तर संक्रांतीला दुसरा.

"मॅम, मी तुमचा खूप मोठा फॅन आहे," तो म्हणाला.

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी त्याला खुणेनं सांगितलं. तो म्हणाला, "बाई..."

"उत्तर कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

त्यानं खिशातून फोन काढला, त्यातलं होकायंत्र उघडलं आणि बरोबर दाखवलं. बाईंना हे आवडलं नाही, पण चूक काढता येईना. त्यांनी त्याला बसायला सांगितलं.

ओंकारनं लॅपटॉप उघडून सगळं समजावलं. आजी चालेल, हात हलवेल, गोठ्यात प्रकाश असा तिरपा येईल. बाई मान हलवत होत्या. मग तो म्हणाला, "आणि म्हशीच्या आवाजासाठी आम्ही एक खूप छान ॲक्ट्रेस बघितली आहे."

"म्हशीच्या कशासाठी?"

"आवाजासाठी. म्हैस बोलेल ना. मुलांना बोलणारे प्राणी आवडतात."

"म्हैस बोलणार नाही," बाई म्हणाल्या.

"एखादंच वाक्य?"

"ती बोलली तर आजी कोणाशी बोलेल?"

ओंकारला हा प्रश्न कळला नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही कळला नव्हता. पुढचे काही आठवडे त्या मुलानं फार सोसलं. त्यानं स्वप्नातलं गाणं लिहिलं होतं, ज्यात म्हैस ढगांतून उडते. बाईंनी विचारलं, "वजन माहितीय का तिचं?" त्यानं म्हशीला पापण्या काढल्या होत्या, लांब, वर वळलेल्या. बाईंनी लाल पेननं प्रत्येक पापणीवर काट मारली. म्हैस जमिनीवर राहिली आणि गप्प राहिली. गोष्ट मात्र दोघांनी मिळून चांगली बसवली. वसुबारसेला सगळं गाव गायवासराची पूजा करतं, पण धुरपाआजीकडे गाय नसते. ती म्हशीलाच ओवाळायला निघते, आणि गावातला एकेक जण येऊन तिला सांगतो की असं चालत नाही. आजी प्रत्येकाला उत्तर देते. बस, एवढीच गोष्ट. अक्का दरवर्षी हेच करायच्या.

मग आवाज आले. ओंकार पुण्या-मुंबईच्या नट्यांकडून धुरपाआजीची वाक्यं म्हणवून घ्यायचा आणि माझ्या फोनवर पाठवायचा. बाई स्टाफरूममध्ये डोळे मिटून ऐकायच्या. एकीला म्हणाल्या, "ही शेतात गेलेली नाही, नाटकात गेलेली आहे." एकीला म्हणाल्या, "हिला कंबर दुखत नाही." एक तर फार नावाजलेली होती, तिला म्हणाल्या, "ही म्हशीशी बोलत नाहीये, लोकांनी ऐकावं म्हणून बोलतेय." आणि पाचपैकी एक दिला.

शेवटी ओंकारनं हात टेकले. "बाई, मग कशी बोलते ती? तुम्हीच एकदा म्हणून दाखवा."

पुढच्या रविवारी आम्ही पुण्याला गेलो. स्टुडिओ म्हणजे गाद्या लावलेली एक छोटी खोली आणि मध्ये माईक. काचेच्या अलीकडे मी आणि ओंकार बसलो. बाईंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. डोक्यावरून पदर घेतला. आणि ज्या बाई 'पाणी'ला 'पानी' म्हटलं म्हणून पोरांना पुन्हा म्हणायला लावायच्या, त्या तोंड उघडून म्हणाल्या,

"खा गं माझी बाय. लोकास्नी बोलू दे. त्यांच्या घरी गाया हायेत, अक्कल न्हाई."

मी अक्कांना तोवर एकदाच, संतोषच्या लग्नात, लांबून ऐकलं होतं. पण तो आवाज तोच होता. थोडा बसका, शेवटचा शब्द गिळणारा. बाई सगळी वाक्यं एका दमात म्हणाल्या. कागद त्यांनी समोर धरलाच नव्हता. काचेमागे ओंकार बटणावर बोट ठेवून नुसता बसला होता. बाहेर आल्यावर बाईंनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "आत हवा खेळत नाही तुमच्याकडे."

परतताना एसटीत शिक्रापूर जाईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "टीव्ही राहूला दिसतो, नाही का?"

तेव्हा आमच्या दोघींच्या एकदमच लक्षात आलं. पेपर वाचावा लागतो. टीव्ही वाचावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी संतोष लोटा घेऊन आला तेव्हा बाईंनी पहिल्यांदाच आईबद्दल वेगळा प्रश्न विचारला.

"वसुबारसेच्या संध्याकाळी टीव्हीवर फिल्म लागेल तेव्हा तिला कुठे बाहेर नेता येईल?"

"सणाचं? म्हशी सोडून आई दौंडलासुदिक जात न्हाई."

"मग टीव्ही बिघडव."

"नवा हाय, काकू. वॉरंटीत हाय."

"दिवाळीत वीज जाते."

"सोलर बसवलंय ना औंदा."

बाईंनी बराच वेळ लोट्यात पाहिलं. "फार सुधारणा केल्यास रे," त्या म्हणाल्या.

ओंकारला फोन करून 'थांबवा' म्हणण्याचा विचारही त्यांनी केला. मला नंबर लावायला सांगितला. मी लावला. पलीकडून तो आनंदानं ओरडत होता की चॅनलला फिल्म फार आवडलीय, टीममधल्या पोरांनी रात्रंदिवस बसून म्हशीचे कान हलवलेत. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डावा कान आधी हलला पाहिजे." आणि फोन मला परत दिला.

वसुबारसेला मी बाईंच्या घरी होते. त्या बसल्या नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घालून, वर्गात पर्यवेक्षणाला उभ्या राहतात तशा उभ्या होत्या. टीव्हीवर आजी आली, गोठा आला, तिरपा प्रकाश आला, म्हशीनं डावा कान हलवला. फिल्म सुंदर झाली होती. शेवटी सगळं गाव निघून जातं आणि आजी अंधारात एकटी म्हशीला ओवाळते, तेव्हा मी रडले. बाईंनी टीव्ही बंद केला, टेबलाशी बसल्या आणि सहामाहीचे पेपर तपासायला घेतले. ते आधीच तपासलेले होते. त्या ते पुन्हा तपासत राहिल्या.

थोड्या वेळानं संतोषचा फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर टाकायला मला खूण केली.

"आईनं बघितलं," तो म्हणाला.

"काय म्हणाली?"

"कायच न्हाई. वाती वळत हुती. पयलं वाक्य कानावर पडलं आन् हात थांबला तिचा. मंग शेवटपत्तोर नुसती बघत हुती. सून हसाय लागली तर तिला गप केली. आता गोठ्यात जाऊन बसलीया."

"रागावलीय?"

"ते कळत न्हाई, काकू. रागावली की बोलती ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी फराळाचा डबा घेऊन मी बाईंकडे गेले, तर दारात मोटारसायकल उभी. संतोष तिच्यावरच बसून होता, किल्लीसुद्धा काढली नव्हती. मला बघून त्यानं फक्त भुवया वर केल्या. आत अक्का उभ्या होत्या. काठापदराचं लुगडं, कपाळावर भलंमोठं कुंकू, पायात चपला तशाच. बाई टेबलापाशी उभ्या होत्या. नमस्कार कोणी कोणाला केला नव्हता असं दिसत होतं.

"ती बोलती ते माझं हाय," अक्का म्हणाल्या.

"हो," बाई म्हणाल्या.

"समदं?"

"सगळं. कितीतरी वर्षांचं."

"आन् आवाज तुजा."

"हो."

अक्कांनी खोलीवर नजर फिरवली. एक खुर्ची, एक कॉट, एक कप, पेपरांचा गठ्ठा. मग त्या जे बोलल्या ते मी डब्याचं झाकण हातात धरून ऐकलं.

"मला वाटलं हुतं माजी नक्कल असंल. पन मी काय तशी न्हाई. मला पोरगा हाय, सून हाय, नातवंडं हायेत, दिस उगावल्यापास्नं शेजारणी येत्यात. ही म्हातारी सकाळधरनं अंधार पडूस्तोवर म्हशीबर बोलती. तिला माणूस न्हाई का कोन?"

बाईंनी टेबलावरचा गठ्ठा सरळ केला.

"न्हाई का?" अक्कांनी पुन्हा विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या.

"मंग घाल की एखादं."

"कोण घालू?"

अक्कांनी चपला काढल्या, कोपऱ्यात नीट ठेवल्या आणि कॉटवर बसल्या. "जाऊ घाल," त्या म्हणाल्या. "च्या टाक आधी."

बाईंनी चहा केला. एक कप अक्कांना, एक पेला संतोषला, एक वाटी मला. स्वतः घेतला नाही, कारण भांडंच उरलं नव्हतं.

संक्रांतीच्या फिल्ममध्ये धुरपाआजीला शेजारच्या वस्तीवर एक जाऊ होती. तिचा आवाज कोणाचा हा प्रश्नच नव्हता. अक्का पहिल्यांदा पुण्याला आल्या. येताना स्टुडिओतल्या पोरांसाठी खरवस आणला. वाचता येत नसल्यामुळे ओंकारनं अशी सोय केली की बाईंनी माईकवर आपलं वाक्य म्हणायचं, मग अक्कांचं वाक्य त्यांच्या कानात सांगायचं, आणि अक्कांनी ते म्हणायचं. पहिली दोन वाक्यं तशी झाली. तिसऱ्याला अक्का म्हणाल्या, "असं मी म्हनत न्हाई," आणि स्वतःच्या मनाचं बोलल्या. बाईंनी त्याला उत्तर दिलं. अक्कांनी त्याच्यावर चढवलं. गोष्टीतल्या तिळगुळाचा विषय कधीच मागे पडला.

"माजं पोरगं नापास केलंस तू."

"नदी उलटी काढली होती त्यानं."

"मंग? तुजी नदी कुटं गेली न्हाई. हाय तिथंच हाय. पोराचं वरीस गेलं."

"त्याला माझ्या घरात राहून ते यायला पाहिजे होतं. मी शिकवत होते त्याला. रोज."

"म्हंजी तुजा राग तुज्यावर हुता."

काचेमागे ओंकारचं बोट पुन्हा त्या बटणावर होतं. मग बाई, धुरपाआजीच्या नाही, स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, "तो गेल्यावर घर फार मोठं झालं, अक्का."

"दोन खोल्यांचं?"

"दोन खोल्यांचं."

अक्कांनी पदरानं माईक पुसला. का ते कोणाला कळलं नाही. मग म्हणाल्या, "चला. कुटवर आलतो आपन?"

ओंकारनं नंतर बाईंना विचारलं की यातलं काही फिल्ममध्ये ठेवू का. बाई म्हणाल्या, "तुला काय वाटतं?" तो म्हणाला, "नको वाटतं." तेव्हा बाईंनी त्याला दहापैकी नऊ दिले. माझ्या माहितीत इतके मार्क त्यांनी कोणालाच दिले नव्हते.

संक्रांतीचा स्पेशल लोकांना पहिल्यापेक्षा जास्त आवडला. तरी तिसरा निघाला नाही. चॅनलचं धोरण बदललं, आता तिथे दिवसभर रोबो असतात. ओंकारनं फार वाईट वाटून घेतलं. बाईंनी घेतलं नाही. त्याच उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या, दोन खोल्या सोडल्या आणि राहूला वस्तीवर राहायला गेल्या. सामानानं संतोषचा टेंपो अर्धाच भरला. आणि बाईंनी 'दावण' काढायचं बंद केलं.

पेपरवाल्यांनी फोन केले, ते त्यांनी घेतले नाहीत. मग संपादकांनी मला गाठलं. वाचक विचारतायत, तुम्ही तरी सांगून बघा म्हणाले. मी एका रविवारी स्कूटी काढून राहूला गेले. वस्तीपुढच्या अंगणात लिंबाखाली दोघी बसल्या होत्या, मध्ये शेंगांची पाटी. शेंगा फोडत होत्या. म्हैस मागे रवंथ करत होती. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

सुनेनं तिघींपुढे चहा आणून ठेवला. मी संपादकांचा निरोप सांगितला.

"काय काढू?" बाई म्हणाल्या. "आता ही म्हशीशी बोलतच नाही. सगळं मलाच सांगते."

"म्हणजे तुमच्याकडे तर आता जास्तच असेल," मी म्हटलं.

"ते काढण्यासारखं नसतं. त्याला उत्तर द्यावं लागतं."

अक्का इतका वेळ शेंगा फोडत होत्या. त्यांनी पाटी बाजूला सारली आणि माझ्याकडे वळल्या.

"तुमी सांगा हिला, मॅडम. काढ म्हनावं पुन्यांदा. तवा लई बरं हुतं. आठवड्यातनं एकदा बोलायची मी, आन् अख्खा तालुका हसायचा. आता दिवसभर बोलावं लागतंय, आन् ही एकदाबी हसत न्हाई."

बाई उठल्या. चहाचं बघते म्हणून, पदर तोंडाला लावून घाईघाईनं आत गेल्या.

चहा आमच्या पुढ्यातच होता.